थर्मामीटर आधी, गळ नंतर: जॉर्जियातल्या ट्राउटच्या ओढ्यावरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

अटलांटाच्या उत्तरेला राहणाऱ्या पाच मराठी कुटुंबांचं हे प्रकरण आहे. सगळ्यांची नावं बदलली आहेत आणि ओढ्याचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी त्या पाचांतली एक. सहलींच्या तारखा ठरवायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून पुढे जे चुकलं त्यात माझा वाटा मोठा आहे.

ट्राउट हा गार पाण्याचा मासा. रेनबो ट्राउट १० ते १६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुखात असतो, २० च्या वर त्याला त्रास सुरू होतो आणि २५ च्या आसपास तो तग धरत नाही. जॉर्जिया मात्र अमेरिकेच्या दक्षिणेतलं उष्ण राज्य. इथला मूळचा ट्राउट एकच, ब्रूक ट्राउट. तो ॲपलाचियन डोंगरांत उंचावरच्या, सावलीतल्या अरुंद ओहोळांत टिकून आहे. रेनबो मुळात पॅसिफिक किनाऱ्याकडचा. ब्राऊन ट्राउट १८८३ मध्ये युरोपातून अमेरिकेत आला. डोंगर उतरून ओढा पायथ्याशी आला, की हिवाळ्यात त्याचं पाणी ट्राउटला मानवेल इतकं थंड असतं आणि जुलैत अंगाला कोमट लागतं. अशा ओढ्यात ट्राउट दिसला तर तो बहुधा मत्स्यसंवर्धन केंद्रातून ट्रकने आलेला असतो.

राज्याचं खातं हे मासे दोन प्रकारे सोडतं. बऱ्याच ओढ्यांत सोडलेला मासा लगेच पकडून घरी नेता येतो, माणशी दिवसाला आठ. पाच पट्ट्यांत मात्र ‘डिलेड हार्वेस्ट’, म्हणजे लांबवलेली काढणी, असा नियम आहे: अमिकलोला, स्मिथ क्रीक, टकोआ, चटूगा आणि अटलांटा शहराला लागून वाहणाऱ्या चॅटाहूचीचा एक तुकडा. तिथे १ नोव्हेंबर ते १४ मे या काळात फक्त एकेरी गळाचं बनावट आमिष चालतं आणि पकडलेला प्रत्येक ट्राउट लगेच पाण्यात सोडावा लागतो. १५ मेपासून तोच मासा घरी नेता येतो. कारण अगदी व्यवहारी आहे. हिवाळाभर एकच मासा दहा जणांना आनंद देतो आणि उन्हाळ्यात तो तसाही मरणार, तर त्याआधी कोणाच्या तरी ताटात जावा.

मला ही पद्धत मनापासून पटते. गटातल्या मुलांना ती पूर्ण बघायला मिळावी, नोव्हेंबरच्या बादलीपासून मे महिन्याच्या तव्यापर्यंत, अशी माझी इच्छा होती.

नोव्हेंबरात आम्ही अशाच एका पट्ट्यावर मासे सोडायला स्वयंसेवक म्हणून गेलो. ट्रकच्या टाक्यांमध्ये प्राणवायूचे बुडबुडे सुटत होते. खात्याचा माणूस लांब दांड्याच्या जाळीने मासे काढायचा, आमच्या बादलीत पाच-सहा टाकायचा आणि आम्ही झाडीतून घसरत, पाणी सांडत ओढ्यापर्यंत पोचायचो. सगळे मासे पुलाखाली एका जागी ओतले तर ते तिथेच घुटमळतात, म्हणून माणसं लागतात. माझ्या नऊ वर्षांच्या ओमने बादली पाण्यात आडवी केली तेव्हा एक मासा बाहेर यायलाच तयार नव्हता. तो बादलीच्या तळाशी तोंड लावून बसला. ओम गुडघाभर थंड पाण्यात वाट बघत उभा राहिला आणि मासा निघून गेल्यावरच वर आला.

गटात गळाचा खरा जाणकार एकच, विनय. त्याने मुलांना गळाचा उलटा दात चिमट्याने दाबून सपाट करायला शिकवलं, हात ओले करून मासा धरायला शिकवलं. डिसेंबर ते मार्च चार सहली झाल्या, चारही छान.

माझ्या सासूबाई वेंगुर्ल्याच्या. हिवाळ्यापासून त्या आमच्याकडे होत्या आणि पहिल्याच सहलीला काठावर खुर्ची टाकून बसल्या. ओमने मासा सोडलेला पाहून म्हणाल्या, “सोडूचोच आसा, तर धरूचो कित्याक?” मी त्यांना मे महिन्याचं सांगितलं. त्यांना ते चटकन पटलं. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात न जाणं त्यांना नवीन नव्हतंच. “म्हंजे नारळ वाढवूक मे म्हैनो,” एवढंच म्हणाल्या.

अडचण

शेवटची ‘सोडायची’ सहल मी फेब्रुवारीतच ठरवून ठेवली होती, मेचा पहिला शनिवार. शाळा, पोहण्याचे क्लास, दोघांची शनिवारची ड्युटी असं सगळं जुळवून पाच घरांना एकच दिवस मिळत होता. नियमपुस्तकाप्रमाणे तो दिवस अगदी योग्य होता. १४ मेला अजून आठवडा बाकी होता.

एप्रिलच्या अखेरीस उकाडा वाढला. पाऊसही नव्हता, ओढा उतरलेला. विनयने गुरुवारी फोन केला: “ताई, पाणी तापलं असेल. बघूया का पुढे-मागे?” मी म्हटलं, सकाळी लवकर जाऊ, थर्मामीटर टाकू, मग ठरवू. हा पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तेव्हा मला तो निर्णय वाटलाच नाही.

त्या दिवशी काय झालं

सकाळी साडेसातला पाणी १७ अंश होतं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, गळ तयार झाले.

इथे जी गोष्ट आमच्या लक्षात आली नाही ती सांगायला हवी, कारण पुष्कळ जण इथेच फसतात. ओढ्याचं पाणी सर्वांत गार असतं पहाटेनंतर लगेच आणि सर्वांत तापतं दुपारी उशिरा. सकाळचा आकडा म्हणजे रात्रभर निवलेलं पाणी. पाणी उतरलेल्या, उघड्या खडकांवरून वाहणाऱ्या ओढ्यात दिवसभरात चार-पाच अंशांची चढ सहज होते. साडेसातला १७ म्हणजे दुपारी कुठवर जाईल, हा हिशेब आम्ही केला नाही. थर्मामीटर पुसून पेटीत ठेवून दिला.

अकरापर्यंत चार मासे लागले, चारही नीट गेले. नंतर जेवण. दशम्या, चटणी, कलिंगड. मुलं पुन्हा पाण्यात उतरली तेव्हा एक वाजून गेला होता.

ओमच्या गळाला मासा लागला. तो बराच वेळ खेळला, तीन-चार मिनिटं तरी. त्याच्याकडे हलका दोरा होता आणि त्याला घाई करायची नव्हती. मासा जाळीत आला, वीतभराहून थोडा मोठा, अंगावर गुलाबी पट्टा. त्याचा हा मोसमातला सर्वांत मोठा. सगळे धावले. मीच म्हटलं, “थांब थांब, फोटो.” मोबाइल उघडला, उन्हामुळे नीट दिसेना, ओमला वळायला सांगितलं, मासा हातातून निसटला, परत धरला. अर्धा-पाऊण मिनिट गेलं असेल.

पाण्यात सोडल्यावर मासा आडवा झाला. विनय पळत आला. त्याने माशाला दोन्ही हातांनी सरळ धरलं, तोंड प्रवाहाकडे. कल्ले हलत होते, पण उघडमीट अनियमित. दहा मिनिटांनी मासा हातातून निघून गेला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. अर्ध्या तासाने ओमच्याच मोठ्या भावाला, ईशानला, तो खालच्या कोंडीत सापडला. पोट वर, काठाच्या पाल्यात अडकलेला.

मी थर्मामीटर काढला. साडेएकवीस.

का मेला ते आता नीट सांगता येतं. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना ९.१. त्याच वेळी गरम पाण्यात माशाच्या शरीराची प्राणवायूची मागणी वाढते, दहा अंशांमागे साधारण दुप्पट. मिळकत घटली आणि खर्च वाढला. त्यात तो गळाशी झुंजून दमलेला. त्यावर मी त्याला हवेत धरायला लावलं. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेनबो ट्राउटना दमेपर्यंत पळवलं होतं. त्यातले जे हवेत काढले नाहीत त्यांच्यापैकी १२ टक्के मेले, ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के आणि एक मिनिट ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के. हे आकडे मी आधी वाचले असते तर मोबाइल खिशातच राहिला असता.

लगेच दुसरा निर्णय समोर आला. सासूबाई म्हणाल्या, मासा ताजा आहे, टाकायचा कशाला, घरी नेऊ. त्यांच्या दृष्टीने अन्न वाया घालवणं हेच मोठं पाप. पण १४ मेपर्यंत त्या पट्ट्यातला ट्राउट कोणीही जवळ ठेवू शकत नाही, मेलेला असला तरी. तशी सूट दिली तर ‘मेला म्हणून नेला’ असं प्रत्येक जण सांगेल. मी त्यांना हे समजावलं. त्या गप्प बसल्या, पण पटलं नव्हतं. ओमने मासा परत पाण्यात ठेवला. त्याने विचारलं, “मग आपण सोडला कशाला, आई? दोन्ही वेळा?” मला उत्तर सुचलं नाही. आम्ही गळ गुंडाळले.

समोरचे पर्याय

त्याच लाकडी टेबलावर बसून मोठ्यांनी बोलणं केलं. विषय हा होता की उरलेला मोसम आणि पुढचं वर्ष कसं करायचं. मुलांना मुद्दाम जवळ बसू दिलं.

सर्वांत सोपा मार्ग होता सकाळीच गळ टाकून दहाला बंद करण्याचा. विनयला हा पसंत होता. त्यात अडचण अशी, की पाच घरं सव्वा तासाचं अंतर कापून लहान मुलांसह साडेसहाला पोचणार हे कागदावरच शक्य. आणि रात्रीही उकाडा राहिला तर सकाळही सुरक्षित नाही.

दुसरा होता धरणाखाली जाण्याचा. १९५६ मध्ये पूर्ण झालेल्या ब्यूफर्ड धरणातून लेनियर सरोवराच्या खोल थरातलं पाणी चॅटाहूचीत सुटतं. त्यामुळे धरणाजवळ ऐन जुलैतही पाणी १० अंशांच्या आसपास असतं, आणि अटलांटाच्या उंबऱ्यावर बारमाही ट्राउट मिळतो तो त्याच्यामुळे. माशांसाठी हा उत्तम पर्याय. पण वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की नदी काही मिनिटांत चढते. इशाऱ्याचे भोंगे आहेत, धरणापासून हायवे २० च्या पुलापर्यंत लाइफ जॅकेट अंगात असणं सक्तीचं आहे. आमच्यात सहा वर्षांच्या दोन मुली होत्या. मी सरळ नाही म्हटलं आणि त्यावर कोणी वाद घातला नाही.

एका मित्राने सुचवलं की वरच्या बाजूला डोंगरातून एक गार झरा ओढ्याला मिळतो, त्याच्या तोंडाशी मासे दाटून उभे असतात, तिथे दिवसभर लागतील. त्याचं निरीक्षण बरोबर होतं. पाणी तापलं की ट्राउट झऱ्यांच्या तोंडाशी गोळा होतो. यावर सासूबाई बोलल्या, आणि माझ्या मते त्या दिवसातलं सर्वांत नेमकं तेच होतं. त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात नदी आटली की कोंडीत मासे साचायचे. घरातली मोठी माणसं पोरांना तिथे जाऊ द्यायची नाहीत. “तां तेंचा आजारपणातला घर,” त्या म्हणाल्या. तो पर्याय तिथेच संपला.

उरले दोन. नोव्हेंबरपर्यंत बंद करणं, किंवा १५ मे नंतर एकदाच येऊन खाण्यासाठी मासे नेणं. ईशानला बंदच हवं होतं. तेरा वर्षांचा मुलगा, तो म्हणाला की मी ज्याला बादलीतून सोडलं त्याला मारायला येणार नाही. विनयचं म्हणणं, ते मासे जूनअखेर मरणारच आहेत. ईशान म्हणाला, “मग ते त्यांचं मरण आहे.” दोघांचंही खरं होतं.

काय केलं

१५ मे नंतरच्या पहिल्या शनिवारी जायचं ठरलं, ज्यांना यायचं त्यांनी. ईशान आणि त्याचे बाबा आले नाहीत. ही गोष्ट कोणाच्याही गळी उतरवायची नाही, हे आम्ही आधीच बोलून घेतलं होतं.

काही नियम आम्हीच घातले. कायद्याने आठ मासे नेता येतात, आम्ही मुलामागे दोन ठरवले, कारण त्याहून जास्त त्या संध्याकाळी खाल्ले गेले नसते. जो मासा लागेल तो ठेवायचा. लहान म्हणून सोडून दुसरा धरायचा नाही, कारण गरम पाण्यात सोडलेला मासा जगेल याचा भरवसा नाही. मासा हातात येताच विनयने तो डोक्यावर एका फटक्यात मारायचा आणि लगेच बर्फात ठेवायचा. मोठ्यांचे परवाने आणि त्यावरचा ट्राउटचा वेगळा परवाना आदल्या दिवशी तपासले. सोळा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाहीत.

आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी चार वाजता, मी एकटी ओढ्यावर जाऊन आले. २२ अंश. हा जायचं-न-जायचं ठरवणारा आकडा नव्हता, कारण आता सोडायचं नव्हतंच. पण मला दुपारचं पाणी स्वतः मोजायचं होतं.

परिणाम

ओढ्यावर गर्दी होती. आजोबा-नातवंडं, प्लॅस्टिकच्या बादल्या, गांडुळांचे डबे. हिवाळ्यातली शांतता संपलेली. मला आधी ते खटकलं आणि मग जाणवलं की या माशांवर यांचाही तितकाच हक्क आहे. परवान्यांचे पैसे हेच भरतात. शिवाय १९५० च्या केंद्रीय कायद्यानुसार गळ, काठी, रीळ यांवर जो कर बसतो, त्यातून राज्यांच्या मत्स्यखात्यांना निधी मिळतो. मासे सोडणारा ट्रक त्यावर चालतो.

आमच्या मुलांना नऊ मासे मिळाले. घरी सासूबाईंनी ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं. ट्राउटचे खवले इतके बारीक की त्यांनी सुरी फिरवून पाहिली आणि “हेका खवलेच नाय” म्हणून सोडून दिलं. पोट चिरल्यावर मुलांनी डोकं घातलं. आतड्यात वाळूच्या कणांच्या आणि काड्यांच्या चिमुकल्या नळ्या निघाल्या. ओढ्याच्या तळाशी दगडाला चिकटून राहणाऱ्या कॅडिस किड्यांची ती घरं. संवर्धन केंद्रात गोळ्या खाऊन वाढलेला मासा सहा महिन्यांत ओढ्याचं खायला शिकला होता. ओम त्या नळ्या बोटावर घेऊन बराच वेळ बघत बसला.

हळद, मीठ, तिखट, आगळ. तांदळाच्या पिठात थोडा रवा. सासूबाईंचं मत: चव गोडी, वास थोडा मातकट, आगळ जास्त लागतं, बांगड्याची सर नाही. पण नऊही संपले.

जूनच्या अखेरीस मी परत गेले. दुपारी चारला पाणी २५ अंश. कोंडीत गरम पाणी सोसणारे सनफिश फिरत होते, उथळात बारीक मासळी. तासभर बसले, ट्राउट एकही दिसला नाही.

आता वेगळं काय करू

तारीख ठरवून मग पाणी बघायला जाणं, ही मूळ चूक. नियमपुस्तकातली १४ मे ही राज्याला सगळ्यांसाठी सोयीची म्हणून आखलेली रेघ आहे. शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनात हाच मोसम १ ऑक्टोबरपासून जूनच्या पहिल्या शनिवारपर्यंत धरतात आणि त्या शनिवारी दुपारी बारापर्यंत फक्त मुलांनाच मासे नेऊ देतात. यातली कुठलीच तारीख त्या दिवशीच्या पाण्याबद्दल काही सांगत नाही. पुढच्या मोसमापासून आमच्या ‘सोडायच्या’ सहली नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच. एप्रिलमध्ये जायचं झालं तर आदल्या दुपारी कोणीतरी पाणी मोजून यायचं. सहलीच्या दिवशी दर तासाला थर्मामीटर टाकायचा, १८ ला आवराआवर सुरू करायची आणि २० ला, इथल्या भाषेत ६८ फॅरनहाइटला, गळ बंद. थर्मामीटर मुलांकडे असतो. मोठ्यांना ‘अजून एकदाच’ म्हणायचा मोह होतो, मुलांना आकडा म्हणजे आकडा.

फोटो मासा पाण्यात, जाळीत असतानाच. मासा उचलावाच लागला तर श्वास रोखून धरायचा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की त्याचंही तेच.

विनयचा गुरुवारचा फोन मी ‘बघू’वर ढकलला, तेही बदललं. पाच घरांची तारीख जुळवण्याचा शीण इतका होता की ती मोडायची कल्पनाच नको वाटली. आता प्रत्येक सहलीसोबत त्याच दिवसाचा दुसरा बेत तयार असतो, बहुधा अमिकलोलाच्या धबधब्यावर चालत जाणं. मग रद्द करणं जिवावर येत नाही.

एक गोष्ट मात्र नोव्हेंबरातच करायला हवी होती: बादली हातात देतानाच मुलांना सांगायला हवं होतं की हा मासा इथे उन्हाळा काढणार नाही. मी ते मोठ्यांना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, मुलांना सांगितलं नाही. त्यांना वाटलं आपण माशाला घर देतोय. ओमचा प्रश्न त्यातूनच आला होता, ईशानचा रागही.

पुढच्या नोव्हेंबरात ट्रक आला तेव्हा मी हे बोलून दाखवलं. ओमने आधी टाकीतल्या पाण्यात थर्मामीटर धरला, मग ओढ्यात. १२ आणि ११. ईशानही आला होता. तो मे महिन्याला येत नाही, अजूनही नाही. पण त्या दिवशी सर्वांत खालच्या, सर्वांत लांबच्या कोंडीपर्यंत बादल्या त्यानेच नेल्या, अकरा खेपा.